उसंबराचे फूल, चांद्याचा उजेड

मराठी घराचा आणि झाडाचा संबंध जुना असला, तरी तो मुख्यतः घराबाहेरचा आहे. झाड अंगणात असते, परसात असते, बांधावर असते, गावाच्या पारावर असते. तुळससुद्धा वृंदावनात, म्हणजे दारापुढे आणि उघड्या आकाशाखाली. पूजेचे किंवा औषधाचे निमित्त नसताना, छपराखाली, चार भिंतींच्या आत, केवळ पाहण्यासाठी आणि जपण्यासाठी एखादे रोप ठेवावे, ही रीत आपल्याकडे साहेबांच्या बंगल्यांतून आली आणि पुढे शहरी सदनिकांतून रुजली. तिचा इतिहास आपण क्वचितच विचारतो. कुंडीतले रोप ही जणू इतिहास नसलेली वस्तू असते. ते रोपवाटिकेतून विकत आणलेले असते, किंवा कोणीतरी दिलेल्या पानातून उगवलेले असते. त्याला गाव नसते, आणि म्हणून त्याच्या गावाला काय झाले हा प्रश्नही नसतो.

प्रस्तुत लेखात अशाच एका रोपाचा इतिहास पाहावयाचा आहे. ते रोप म्हणजे आफ्रिकन व्हायोलेट, आणि त्यातही तळहातावर मावणाऱ्या त्याच्या बुटक्या, ‘मिनिएचर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाती. हा इतिहास चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलजिल्ह्यांच्या बाजूने वाचावा, असा येथे प्रयत्न आहे. ही जोडणी प्रथमदर्शनी ओढूनताणून केलेली वाटेल. चंद्रपूर म्हणजे कोळसा, सागवान, वाघ आणि पंचेचाळीस अंशांपलीकडचा उन्हाळा. आणि हे रोप तर थंड पाण्याचा थेंब पानावर पडला तरी डागाळणारे. परंतु या दोहोंमधले धागे खरे आहेत, आणि ते एकापेक्षा अधिक आहेत.

प्रथम नावाविषयी. ‘आफ्रिकन व्हायोलेट’ हे नाव दोन्ही अंगांनी फसवे आहे. हे फूल व्हायोलेट नव्हे. त्याचे कुल जेस्नेरिएसी. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात ओल्या कातळांच्या आधाराने निळी फुले धरणारी रिंकोग्लॉसम ही वनस्पती याच कुलातली, म्हणजे त्याची दूरची नातेवाईक. आणि ‘आफ्रिकन’ म्हणावे, तर त्याचे मूळ स्थान सबंध आफ्रिका खंड नसून पूर्व टांझानिया आणि आग्नेय केनियातील काही डोंगर व किनाऱ्यालगतची काही जंगले एवढेच आहे. तेथे ते झाडांच्या दाट सावलीत, खडकांच्या कपारींत, पालापाचोळ्याच्या बोटभर थरावर वाढते. जर्मन भाषेत त्याला आजही ‘उसंबरा-फायल्शेन’, म्हणजे उसंबराचे व्हायोलेट, म्हणतात. जर्मनांनी निदान डोंगराचे नाव राखले. इंग्रजीने डोंगर पुसून खंड ठेवला आणि मराठीने इंग्रजी नाव जसेच्या तसे उचलले. एका नावाच्या प्रवासात एक गाव कसे हरवते, याचे हे लहानसे उदाहरण आहे.

१८८० च्या दशकात जॉन कर्क आणि डब्ल्यू. ई. टेलर यांनी या वनस्पतीचे नमुने लंडनजवळच्या क्यू उद्यानाकडे पाठविले होते. पण वाळलेले ते नमुने नव्या प्रजातीचे वर्णन करण्यास अपुरे ठरले. १८९२ मध्ये तत्कालीन जर्मन पूर्व आफ्रिकेतील एक अधिकारी वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेर याने ती आपल्या वडिलांकडे जर्मनीस धाडली. टांगा या बंदरातून तो उसंबरा जिल्ह्याचा कारभार पाहत असे. वडील उलरिच फॉन सेंट पॉल हे वृक्षांचे आणि बागांचे जाणकार. त्यांनी ती हॅनोवरच्या हेरेनहाउझेन येथील राजोद्यानाचे प्रमुख हर्मन वेंडलांड यांना दाखविली. वेंडलांड यांनी १८९३ मध्ये तिचे वर्णन केले आणि पितापुत्रांच्या सन्मानार्थ प्रजातीस ‘सेंटपॉलिया’ हे नाव दिले. ‘आयोनान्था’ हे जातिवाचक नाव ग्रीक असून त्याचा अर्थ जांभळ्या व्हायोलेटसारख्या फुलांची, असा होतो. त्याच वर्षी बेल्जियममधील गेंट येथील प्रदर्शनात ती मांडली गेली, आणि लवकरच एर्फुर्टच्या बेनारी या बियाणे-व्यापाऱ्याने तिचे बी विकावयास सुरुवात केली. डोंगरातली कपार ते दुकानातले पाकीट हे अंतर अवघ्या काही वर्षांत कापले गेले.

येथे थांबून या अधिकाऱ्याकडे पाहिले पाहिजे. तो हौशी प्रवासी नव्हता. एका वसाहतीचा जिल्हाधिकारी होता. १८९० च्या दशकात उसंबराच्या उतारांवर जर्मन कंपन्या कॉफीच्या मळ्यांसाठी जंगल तोडत होत्या. १९०२ मध्ये त्याच डोंगरांत अमानी येथे जर्मनांनी शेती आणि जीवशास्त्राची संशोधन संस्था उभारली. म्हणजे ज्या राजवटीने या फुलाला नाव दिले, तिनेच त्याची सावली तोडली. फूल युरोपात पोचणे आणि त्याचे जंगल आक्रसू लागणे या दोन वेगळ्या घटना नाहीत. एकाच कारभाराच्या त्या दोन नोंदी आहेत.

हा कारभार चांद्याला अपरिचित नव्हता. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरच्या भोसल्यांकडे गेले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होऊन इंग्रजांकडे आले. १८५८ मध्ये या भागात बाबुराव शेडमाके यांनी उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाली. त्यानंतर १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी सरकारला जंगल राखून ठेवण्याचा अधिकार दिला. ‘राखीव’ हा शब्द तेव्हापासून या भागातल्या माणसांच्या रोजच्या बोलण्यात आला, आणि त्याचा रोजचा अर्थ ‘आपल्यापासून राखलेले’ असा झाला.

या वनखात्याची घडी बसविणारे पहिले तिघे इन्स्पेक्टर जनरल, डीट्रिश ब्रँडिस, विल्यम श्लिच आणि बर्थोल्ड रिबेनट्रॉप, हे तिघेही जर्मन होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ब्रँडिस मूळचे बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ. १८६४ मध्ये ते भारताच्या वनखात्याचे पहिले प्रमुख झाले. वायव्य आणि मध्य भारतातील वनवृक्षांवरचा त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची विद्वत्ता आणि कष्ट यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न दृष्टीचा आहे. जंगल मोजावे, त्याची यादी करावी, त्यातले उपयुक्त ते वाढवावे, बाकीचे विरळ करावे आणि माणसांचा वावर नियमांत बांधावा, ही दृष्टी जर्मन वनविद्येने घडविली होती, आणि ती चांद्याच्या सागवनात जशी आली तशीच उसंबराच्या डोंगरातही गेली. कुंडीतल्या रोपाची निगा हे याच दृष्टीचे घरगुती, सौम्य आणि प्रेमळ रूप आहे असे म्हटले, तर ते रोप जपणाऱ्याला कदाचित रुचणार नाही. पण एक झाड त्याच्या सोबत्यांपासून वेगळे काढणे, त्याचे पाणी, प्रकाश आणि माती आपल्या हाती घेणे, आणि मग त्याच्या जिवाची जबाबदारीही घेणे, हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे.

याच्या शेजारी दुसरी एक रीत ठेवून पाहावी. गोंडांच्या श्रद्धेत बडादेवाचे, पेरसापेनाचे, ठिकाण साजाच्या म्हणजे ऐनाच्या झाडाशी मानले जाते. देव झाडापाशी असतो आणि माणूस तेथे जातो; झाड देवासह घरी आणले जात नाही. या रीतीचे उगाच उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. जंगलातून लाकूड, मोह, तेंदू, बांबू आणि कंद घरी येतच असत. पण जे आणावयाचे ते वापरासाठी. जे पूज्य ते जागच्या जागी. केवळ सुंदर आहे म्हणून उपटून जवळ ठेवणे, ही तिसरीच वृत्ती आहे. अंगणातली तुळस या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी उभी आहे. ती पूज्य आहे आणि जवळही आहे, पण उंबरठ्याच्या आत नाही.

आता पुन्हा फुलाकडे वळू. युरोपात पहिली काही दशके हे रोप काचघरात, बागाईतदारांच्या देखरेखीखाली राहिले. घरात झाड जगविण्याची एक युक्ती त्याच्याही आधी सापडलेली होती. १८२९ च्या सुमारास लंडनमधील वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड यांना बंद बाटलीतल्या मातीत नेचे आपोआप उगवलेले आणि जगलेले दिसले. काचेच्या बंद पेटीत ओलावा फिरत राहतो आणि बाहेरच्या काजळीचा त्रास होत नाही, हे त्यांनी ओळखले. या पेट्यांतूनच पुढे जहाजांवरून रोपे समुद्रापार जाऊ लागली; चहाची रोपे चीनमधून हिंदुस्थानात आली तीही अशा पेट्यांतून. आज हौशी लोक काचेच्या बरणीत जे छोटे जग उभे करतात, त्याची आजी ही पेटी आहे. म्हणजे दिवाणखान्यातली शोभा आणि साम्राज्याची मालवाहतूक यांचे साधन एकच होते.

सेंटपॉलियाला घरोघरी नेण्याचे काम मात्र अमेरिकेत झाले. १९२० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या आर्माकोस्ट अँड रॉयस्टन या रोपवाटिकेने जर्मनी आणि इंग्लंडमधून बी मागविले, हजाराहून अधिक रोपे वाढविली आणि त्यांतून निवडत निवडत शेवटी दहा ठेवली. ‘ब्लू बॉय’ हे त्यांतले सर्वांत गाजलेले. पुढच्या असंख्य संकरित जातींच्या वंशावळी या दहा रोपांपाशी जाऊन पोचतात. १९३८ पासून ट्यूबलाइट बाजारात मिळू लागल्या, आणि ज्या घरांना बरी खिडकी नव्हती त्यांच्याही तळघरांत व स्वयंपाकघरांत फळ्यांवर ही रोपे फुलू लागली. १९४६ मध्ये अमेरिकेत या फुलाच्या चाहत्यांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्या संस्थेच्या वर्गीकरणात साधारण सहा इंचांपर्यंत पसारा असलेले रोप मिनिएचर आणि आठ इंचांपर्यंतचे सेमी-मिनिएचर गणले जाते. जंगलातल्या एका कपारीचे हे उत्तरोत्तर लहान होत गेलेले रूप.

या प्रसाराचे रहस्य त्याच्या पानात आहे. देठासह एक पान कापून ओलसर, भुसभुशीत मिश्रणात खोचले, की दीड-दोन महिन्यांत देठाच्या बुडाशी नवी रोपे दिसू लागतात, आणि ती मूळ रोपाची हुबेहूब प्रत असतात. बी नको, परागीभवन नको, ऋतू नको. अपवाद ‘कायमेरा’ जातींचा. त्यांच्या पाकळ्यांवर चक्रासारखे पट्टे असतात, आणि पानापासून वाढविल्यास ते पट्टे सहसा टिकत नाहीत. त्यांचे फुटवेच लावावे लागतात. एरवी पान लिफाफ्यातून कोठेही जाते. त्यामुळे हे फूल विकत घेण्यापेक्षा अधिक करून मागून आणि देऊन पसरले, प्रामुख्याने स्त्रियांच्या हातांतून. ओवी जशी जात्यावरून जात्याकडे गेली, तसे हे पान खिडकीवरून खिडकीकडे गेले. फरक इतकाच की ओवी जाताना बदलत असे आणि पान बदलत नाही.

ट्यूबलाइटचा उल्लेख वर ओघात आला, पण चांद्याचा दुसरा आणि अधिक थेट धागा तेथेच आहे. सेंटपॉलियाला फुलण्यासाठी दिवसाचे दहा-बारा तास सौम्य प्रकाश लागतो. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत तो अनेकदा विजेचा असतो. महानिर्मितीचे सर्वांत मोठे औष्णिक वीज केंद्र चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथे आहे. त्याचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला, आणि आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. १९९९ पासून चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश वाहिनी १,५०० मेगावॉटपर्यंत वीज वाहून नेऊ शकते. वीज एकदा जाळ्यात मिसळली की कोणत्या दिव्यात कोणत्या गावचा कोळसा जळतो हे सांगता येत नाही. तरीही मुंबईच्या एखाद्या फळीवर जांभळे फूल उमलते, तेव्हा त्याच्या उजेडात चांद्याचा वाटा असण्याची शक्यता मोठी आहे.

आणि हा कोळसा म्हणजे तरी काय? वर्धा खोऱ्यातला कोळसा पर्मियन काळातला, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुना. त्या काळच्या दलदलीतल्या जंगलांत ग्लॉसोप्टेरिस या वृक्षांचे प्राबल्य होते. जिभेच्या आकाराच्या पानांवरून त्यांना हे नाव मिळाले आहे. हीच पाने दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेच्या खडकांतही सापडतात, कारण तेव्हा भारत, आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडाचे भाग होते. त्या भूखंडाला भूगर्भशास्त्राने ‘गोंडवन’ हे नाव दिले ते गोंडांच्या या प्रदेशावरूनच. १८७० च्या दशकात एच. बी. मेडलिकॉट यांनी येथल्या खडकांच्या मालिकेसाठी हे नाव योजिले, आणि १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूस यांनी ते अख्ख्या लुप्त भूखंडाला दिले. फुलझाडे त्या काळी पृथ्वीवर आलेलीच नव्हती, तेव्हा सेंटपॉलियाचा पूर्वज चांद्याच्या दलदलीत होता असे कोणी समजू नये. पण ज्या उजेडात ते आज फुलते तो उजेड उसंबरा आणि चांदा एकाच भूमीवर होते तेव्हाच्या पानांनी साठविलेला सूर्यप्रकाश आहे, हे मात्र अलंकारिक विधान नाही.

या प्रदेशातले जीवाश्म प्रथम गोळा करणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप हे नागपूरचे स्कॉटिश मिशनरी होते. वर्धा खोऱ्यातील मांगली येथून मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये केले, ते याच संग्रहाच्या काळातले. साहित्याच्या अभ्यासकांना हिस्लॉप आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहेत. त्यांनी गोंडांचे लिंगोगीत टिपून घेतले होते. १८६३ मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाला, आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद संपादित करून छापले. एकाच माणसाने दगडातली पाने आणि माणसांच्या ओठांवरले गाणे जमविले. दोन्ही जतन झाली, आणि दोन्ही आपल्या जागेवरून हलली. जतन करणे आणि जागेवरून हलविणे या दोन क्रिया इतिहासात किती वेळा एकत्र येतात, हे या ठिकाणी नेमके दिसते.

आता व्यवहाराचे थोडे. चंद्रपूर, बल्लारपूर किंवा गडचिरोलीच्या एखाद्या घरात हे रोप जगविणे शक्य आहे काय? आहे, पण त्यासाठी येथला ऋतू समजून घ्यावा लागतो. साधारण अठरा ते सव्वीस अंश तापमान आणि निम्म्याच्या आसपास आर्द्रता हे याचे सुखाचे दिवस. चंद्रपुरात ते ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत मिळतात, म्हणून फुलांचा हंगामही तोच धरावा. थंडीच्या रात्री कुंडी खिडकीच्या काचेपासून दूर घ्यावी. एप्रिल-मे हे केवळ जगण्याचे महिने. कळ्या गळतील, त्याची खंत करू नये. उलट कळ्या खुडून रोपाचा भार कमी करावा. विदर्भातला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर येथे खरा उपकारक आहे, कारण कोरड्या हवेत तो उष्मा कमी करतो आणि ओलावाही देतो. मात्र त्याचा झोत रोपावर थेट नसावा. बुटके रोप काचेच्या बरणीत उत्तम राहते; पण बरणी उन्हात ठेवली, तर आतली हवा पाहता पाहता तापते आणि रोप शिजते. पावसाळ्यात याच्या उलट करावे. बरणीचे झाकण काढावे, पाणी निम्म्यावर आणावे, नाहीतर रोपाचा गाभा कुजतो.

कुंडी रोपाच्या पसाऱ्याच्या एकतृतीयांश, म्हणजे मिनिएचरला दोन इंचांची पुरते. मोठ्या कुंडीत ते सुखावत नाही, सडते. बागेतली काळी माती अजिबात नको. कोकोपीट आणि पर्लाइट यांचे हलके मिश्रण हवे, म्हणजे मुळांना हवा मिळते. पाणी देण्याची सर्वांत विश्वासू पद्धत वातीची आहे. कुंडीच्या तळातून नायलॉनचा किंवा ॲक्रिलिकचा दोरा खालच्या डबीतल्या पाण्यात सोडावा. समईतली वात जसे तेल वर ओढते तसा तो पाणी ओढतो. सुती दोरा मात्र लवकर कुजतो. पाणी खोलीच्या तापमानाचे असावे, कारण थंड पाण्याने पानांवर फिकट वलये उमटतात आणि ती जात नाहीत. भूगर्भातले क्षारयुक्त पाणी त्याला सोसत नाही, तेव्हा पावसाचे साठविलेले पाणी मिळाल्यास तेच द्यावे. कुंडी दर आठवड्याला पाव फेरा फिरवावी, म्हणजे रोप एका बाजूस झुकत नाही. बगलेतले फुटवे वेळीच काढावेत, नाहीतर पानांचे गोल चक्र मोडते.

हे सारे वाचताना एक गोष्ट ध्यानात येईल. या निगेतली प्रत्येक सूचना म्हणजे हरवलेल्या जंगलाच्या एकेका गुणाची भरपाई आहे. बरणी ही ढगांची, कोकोपीट हे पाचोळ्याचे, ट्यूब ही पानांतून गाळून येणाऱ्या उन्हाची, आणि वात ही पाझरत्या कातळाची जागा भरून काढते. जे काम उसंबराचे जंगल न सांगता करत होते, ते आपण सांगून, मोजून आणि विकत घेऊन करतो. घरात झाड जपणाऱ्याला जंगल किती काम करते हे जितके नेमके कळते, तितके जंगलातून मोटारीने फिरून येणाऱ्याला कळत नसावे. या छंदाचे खरे ज्ञानमूल्य मला येथे दिसते.

मराठी ललित लेखनाने जंगल आणि घर यांना बहुधा दोन ध्रुवांवर ठेवले आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये आले आणि निसर्गाकडे पाहण्याची एक नवी, अभ्यासू आणि रसिक नजर मराठीला मिळाली. वनाधिकारी असलेल्या मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांकडून शब्द गोळा करून ते प्रमाण मराठीत आणले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. या परंपरेत रान हे जाण्याचे ठिकाण आहे आणि घर हे परतण्याचे. खिडकीतल्या रोपाला तीत फारसे स्थान मिळालेले नाही. ते नकली, शहरी, दुय्यम मानले गेले. मला वाटते, हा भेद आता तपासून पाहावा. कारण जंगलही दरम्यान कुंडीसारखे होत चालले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीजवळचा जुन्या नैसर्गिक वनाचा एक तुकडा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून राखलेला आहे, आणि २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सहा हेक्टर आहे. ते राखले हे उत्तमच झाले. पण एके काळच्या सलग वनाची आठवण म्हणून सहा हेक्टर राखणे, हेही एक मिनिएचरच आहे.

मग जपणुकीचा दुसरा काही मार्ग आहे काय? त्याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. येथे जंगल जपणारे आणि जंगलात राहणारे एकच आहेत. झाड आपल्या जागी आहे, त्याचा उपयोगही होतो, आणि त्याची निगा कोणी करावयाची हे गाव एकत्र बसून, सर्वसहमतीने ठरविते. १८७८ च्या कायद्याने जी फारकत केली होती, ती सव्वाशेहून अधिक वर्षांनी एका गावापुरती तरी सांधली गेली. उसंबराच्या फुलाच्या वाट्याला असा योग आला नाही. त्याच्या प्रती जगभर असंख्य आहेत. पण त्याच्या रानटी जातींपैकी कित्येक आज धोक्यात आहेत, कारण त्यांची सावली देणारी जंगले तुकड्यातुकड्यांनी उरली आहेत. प्रतींच्या संख्येवरून मूळ सुरक्षित असल्याचे ठरत नाही, ही गोष्ट वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना निराळी समजावून सांगावयास नको. छापील लिंगोगीत ग्रंथालयात आहे, एवढ्यावरून ते गाणारा कंठ गावात आहे असे सिद्ध होत नाही.

शेवटी एक छोटी नोंद, पुन्हा नावाविषयीच. रेणवीय अभ्यासांतून असे दिसून आले की सेंटपॉलिया ही स्वतंत्र प्रजाती नसून स्ट्रेप्टोकार्पस या मोठ्या प्रजातीचीच एक शाखा आहे. २०१५ पासून शास्त्रीय वर्गीकरणात तिला तेथे समाविष्ट केले गेले, आणि सेंट पॉल पितापुत्रांचे नाव प्रजातीवरून उतरून एका उपविभागापुरते उरले. चांद्याचेही असेच झाले. १९६० च्या दशकात जिल्ह्याचे नाव चंद्रपूर झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. अधिकाऱ्यांनी दिलेली नावे अशी बदलत राहतात. फुलांच्या प्रदर्शनात प्रत्येक कुंडीपुढे जातीच्या नावाची चिठ्ठी ठेवण्याचा प्रघात आहे. तिच्यावर ‘ब्लू बॉय’च्या कोणा वंशजाच्या नावाखाली ‘मूळ स्थान: उसंबरा’ एवढे दोन-तीन शब्द लिहिण्यास जागा नक्कीच असते. आणि ज्या घरात ते रोप विजेच्या उजेडात फुलते, त्या घराने तो उजेड कोठून येतो हेही ठाऊक करून घ्यावे. झाडाची निगा राखणे म्हणजे त्याला वेळेवर पाणी देणे एवढेच नसून, त्याच्यासाठी कोणाची सावली आणि कोणाचा उजेड खर्ची पडला याची आठवण राखणे हेही तिच्यात येते.